जपानच्या मासळीबाजारात सुशी-साशिमी खायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा रत्नागिरीचा, बरीच वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहतो. साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, मोसम जवळ आला की व्हॉट्सॲपवर ओळखीच्या आणि बिनओळखीच्या लोकांचे निरोप सुरू होतात: "दादा, तो माशांचा बाजार बघायचाय, कसं जायचं?" तेच तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांचेच आहेत, मी फक्त शुद्धलेखन सुधारलंय.

१. त्सुकिजी बंद झालं ना? मग आता जायचं कुठे?

अर्धंच बंद झालं. त्सुकिजी म्हणजे टोकियोचा गाजलेला मासळीबाजार. त्याचे दोन भाग होते. आतला घाऊक बाजार, म्हणजे जोनाई, आणि त्याला लागून गल्ल्यागल्ल्यांचा बाहेरचा बाजार, म्हणजे जोगाई. १९२३ च्या भूकंपात निहोनबाशीचा जुना मासळीबाजार जळून गेला, त्यानंतर घाऊक बाजार त्सुकिजीला आला आणि १९३५ साली त्याची पक्की वास्तू सुरू झाली. हा आतला बाजार ६ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला टोकियोतच तोयोसूला उघडला. खरं तर २०१६ मध्येच हलायचा होता, पण तोयोसूची जागा पूर्वी गॅस कारखान्याची. जमिनीत विषारी द्रव्यं सापडली आणि गाडं दोन वर्षं अडलं.

जोगाई मात्र जागच्या जागी आहे. म्हणून आता लिलाव आणि घाऊक व्यवहार तोयोसूला, तर गल्ल्या, टपऱ्या, सुऱ्यांची दुकानं आणि गर्दी त्सुकिजीला, अशी वाटणी झाली आहे.

२. माझ्याकडे एकच सकाळ आहे. तोयोसू की त्सुकिजी?

बाजार म्हणजे ओलं फरसबंद, बर्फाचा चुरा, "या ताई, बघा ताई" असं तुमच्या मनात असेल तर त्सुकिजीचा बाहेरचा बाजार. तोयोसू म्हणजे तीन प्रचंड बंदिस्त इमारती. आत तापमान राखलेलं, पाहुण्यांसाठी वरून काचेचे सज्जे. स्वच्छता बघून थक्क व्हाल, पण मासळीचा वास येणार नाही आणि पायही भिजणार नाहीत. माझी आई तिथे काचेतून खाली बघून म्हणाली होती, "हे तर विमानतळासारखं आहे." माझं मत तिच्याहून फार वेगळं नाही.

पण सुशी बसून, शांतपणे, घाऊक बाजाराच्या अगदी डोक्यावर खायची असेल तर तोयोसू. सुशी दाई, दाइवा सुशी ही त्सुकिजीच्या आतल्या बाजारातली गाजलेली दुकानं तिकडेच गेली आहेत. तोयोसूच्या शेजारी फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंक्याकु बानराई नावाचं जुन्या एदो काळाचा देखावा केलेलं संकुल उघडलंय, गरम पाण्याच्या स्नानगृहासकट. ते पर्यटकांसाठीच बांधलंय हे लक्षात ठेवून जा. तिथल्या भावांबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलंय.

३. जायचं कसं, आणि पहाटे किती वाजता पोचावं?

तोयोसूसाठी युरिकामोमे मार्गावरचं शिजोमाए स्थानक. नावाचाच अर्थ "बाजारासमोर". तोयोसू नावाच्या स्थानकावर उतरून चालत जाऊ नका, तिथून अजून दोन स्थानकं आहेत. त्सुकिजीसाठी हिबिया मार्गावरचं त्सुकिजी किंवा ओएदो मार्गावरचं त्सुकिजी-शिजो.

तोयोसूत नावाजलेल्या सुशीच्या दुकानात बसायचं तर पहिल्या गाडीनं जा, तरी रांग असेलच. बाकी दुकानांत सात-आठला गेलात तरी जागा मिळते. दुपारी दोनच्या सुमाराला सगळं आवरायला घेतात. त्सुकिजीला मात्र पहाटे पाचला जाऊन उगाच मिरवू नका. त्या वेळी हॉटेलवाले आपली रोजची खरेदी करत असतात आणि आपण त्यांच्या ढकलगाड्यांच्या वाटेत येतो. नऊनंतर जावं, बारापर्यंत उरकावं.

४. बुधवारी जाऊ का? रविवार मोकळा आहे.

रविवारी आणि सरकारी सुट्टीला घाऊक बाजार बंद. बुधवार फसवा असतो. सगळे बुधवार बंद नसतात, पण बरेच असतात. बाजाराचं वर्षाचं दिनदर्शिकेसारखं पत्रक संकेतस्थळावर असतं, ते बघूनच तिकिटं काढा. ऑगस्टच्या मध्यात ओबोनची सुट्टी असते आणि वर्षाअखेरीपासून ४ जानेवारीपर्यंत सामसूम. ५ जानेवारीला वर्षाचा पहिला लिलाव होतो. त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात रविवारी काही दुकानं उघडी असतात, पण ती मुख्यतः तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी.

५. ट्यूनाचा लिलाव बघायला मिळतो का?

मिळतो. दोन प्रकार आहेत. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या सज्जातून कोणीही, काही न विचारता बघू शकतं. खाली लिलावाच्या अगदी जवळ एक ओटा आहे, तिथे उभं राहायचं असेल तर आदल्या महिन्यात ऑनलाइन अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघायची वाट बघायची. म्हाडाची सवय असलेल्यांना जड जाणार नाही. लिलाव साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान.

बघायचं काय ते सांगतो, नाहीतर दहा मिनिटांत संपतं आणि काहीच कळत नाही. ट्यूना ओळीनं मांडलेले असतात, शेपटीकडचा भाग कापून ठेवलेला. खरेदीदार हातात लहानसा आकडा आणि टॉर्च घेऊन फिरतात. शेपटीच्या कापावर उजेड पाडून रंग बघतात, मग चिमूटभर मांस उचलून अंगठा आणि तर्जनीत चोळतात. बोटांना किती तेल लागतं त्यावरून आतली चरबी ओळखायची असते. सबंध मासा न कापता त्याची लाखो येनांची किंमत ठरवायची, तीही एवढ्याशा चिमटीवरून. मग घंटा वाजते, पुकारणारा एका सुरात काहीतरी गात सुटतो आणि खरेदीदार बोटांच्या खुणांनी बोली लावतात. एकेक मासा काही सेकंदांत विकला जातो.

काच का, असं पुष्कळजण कुरकुरतात. पूर्वी त्सुकिजीला माणसं अगदी माशांमध्ये जाऊन उभी राहायची. कोणी फ्लॅश मारायचं, कोणी मासा कुरवाळायचं, एकानं तर चाटला होता. शेवटी २००८ च्या डिसेंबराच्या मध्यापासून महिनाभर पर्यटकांना बंदीच घातली होती. तेव्हा काच आपणच ओढवून घेतली आहे.

६. बातम्यांत येतो तो कोट्यवधींचा ट्यूना खरंच इतका चविष्ट असतो का?

२०१९ च्या पहिल्या लिलावात ओमा बंदराचा २७८ किलोचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. किलोला १२ लाख येन. तो घेणाऱ्या कियोशी किमुरांची सुशीच्या दुकानांची साखळी आहे, आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो होता. हा जाहिरातीचा खर्च समजा. वर्षाच्या पहिल्या लिलावाला मुहूर्ताचा मान असतो, एरवी तसाच मासा त्याच्या बारीकशा अंशात जातो.

७. सुशी आणि साशिमी एकच ना?

नाही. साशिमी म्हणजे नुसते कच्च्या माशाचे काप. सुशीत व्हिनेगर लावलेला भात हवाच, मासा नसला तरी चालेल. भाताच्या मुटक्यावर काप ठेवला की निगिरी, नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापडात, गुंडाळलं की माकी, वाडग्यातल्या भातावर सगळं पसरलं की काइसेनदोन. बाजारात सर्वांत जास्त खपतं ते काइसेनदोन. चांगल्या निगिरीचा भात अंगाइतपत कोमट असतो. फ्रीजमधून काढलेल्या गार भाताची सुशी खाऊन "मला सुशी आवडत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी ही खावी.

८. बाजारातली मासळी म्हणजे त्याच पहाटे धरलेली, बरोबर?

या प्रश्नाला मी सगळ्यात लांब उत्तर देतो, कारण माझीही इथेच गफलत झाली होती. आपल्याकडे ताज्याची परीक्षा ठरलेली. कल्ले लाल हवेत, डोळा पाणीदार हवा, बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. मिरकरवाड्याला होडी लागली की आई धावत जायची, दोन तासांत मासे चुलीवर. मी त्याच डोक्यानं त्सुकिजीला एका म्हाताऱ्या मासेवाल्याला विचारलं, "हा आजचा ना?" त्यानं हिरामेकडे बोट दाखवलं. हिरामे म्हणजे आपल्या लेप्यासारखा चपटा मासा. तो म्हणाला, "हा परवाचा. आजचा नको घेऊ, आजच्याला चव नाही."

गंमत अशी आहे. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारं रसायन, हळूहळू मोडत जातं आणि त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं. ते म्हणजे उमामी, जिभेवर रेंगाळणारी चव. नुकत्या मारलेल्या माशाचं मांस टणक, करकरीत लागतं, पण चवीला पाणचट. त्याला जरा मुरू द्यावं लागतं. पांढऱ्या मांसाचा मासा एक-दोन दिवस, मोठा ट्यूना त्याहून बराच अधिक.

मात्र मुरणं आणि सडणं यांत अंतर राखायचं तर मासा मेला कसा, याला फार महत्त्व आहे. इथे इकेजिमे करतात. जिवंत माशाच्या मेंदूत खिळा घालून एका झटक्यात मारायचा, कल्ल्याशी आणि शेपटीशी चिरून रक्त काढायचं आणि मणक्याच्या नळीत बारीक तार सारून मज्जारज्जू मोडायचा. तार आत जाताना मासा एकदा शहारतो आणि एकदम सैल पडतो. तडफडत मेलेल्या माशाची सगळी ताकद तडफडण्यात जळून जाते आणि तो लवकर उतरतो. आपल्याकडे जाळ्यात गुदमरून, डेकवर उन्हात पडून आलेला मासा "ताजा" असतो, आणि इथला तीन दिवसांचा मासा कच्चा खाता येतो. दोन्ही देशांत शब्द एकच, मोजमाप वेगळं.

एदोमाए म्हणजे टोकियोची जुनी सुशी तर बर्फ नसलेल्या काळातली. मासे सोयात मुरवणं, मीठ-व्हिनेगर लावणं, कोंबू नावाच्या समुद्री पानात दाबून ठेवणं, हे सगळं टिकवण्यासाठी सुरू झालं आणि चवीसाठी राहिलं. क्यूशूकडे मात्र लोकांना करकरीतच आवडतं. तिथे तुम्हाला टाकीतला मासा तुमच्यासमोर मारून देतील.

९. काही दुकानं फ्रोझन ट्यूना देतात म्हणे. फसवणूक आहे का?

अजिबात नाही. दूरच्या समुद्रात धरलेला ट्यूना जहाजावरच उणे ६० अंशांना गोठवतात. त्या तापमानाला मांसाचा लाल रंगही बदलत नाही. लिलावात पांढऱ्याशुभ्र दगडासारखे दिसतात ते हेच, आणि ते विद्युत करवतीनं कापतात. नीट वितळवला तर माझ्यासारख्याला फरक ओळखता येत नाही. गोठवण्याचा आणखी एक फायदा पुढच्या उत्तरात.

१०. कच्चा मासा खाऊन पोट बिघडणार नाही ना? जंत असतात असं वाचलंय.

असतात. अनिसाकिस हा दोरीच्या तुकड्यासारखा पांढरा, दोन-तीन सेंटिमीटरचा जंत साबा (बांगड्याचा भाऊ), इका (माकूल), साल्मन अशांत सापडतो. मासा जिवंत असताना तो पोटात असतो, मेल्यावर मांसात शिरतो. म्हणून इथे मासा आला की लगेच आतडी काढतात. पोटात गेला तर काही तासांत असह्य कळा येतात आणि दुर्बीण घालून काढावा लागतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचं सांगणं असं: उणे २० अंशांना २४ तास गोठवा किंवा ७० अंशांवर शिजवा. वासाबी (सुशीबरोबरचं झणझणीत हिरवं वाटण), व्हिनेगर, सोया सॉस, साके (तांदळाची दारू) यांपैकी कशानंही तो मरत नाही. "वासाबी खाल्लं की जंतू मरतात" हा निरोप कृपया मला पुन्हा पाठवू नका.

हे वाचून घाबरू नका. सुशीवाला प्रत्येक काप उजेडात बघून कापतो, ते त्याचं कामच आहे. मी इतक्या वर्षांत एकदाच आजारी पडलो, आणि तेही एका हॉटेलातली तळलेली कोळंबी खाऊन.

दुसरा त्रास हिस्टामिनचा. बांगडा, ट्यूना या कुळातले मासे गरम हवेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. आपल्याकडे "बांगडा बाधला, अंगावर पित्त उठलं" म्हणतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. शिजवूनही ते जात नाही. उपाय एकच, मासा पहिल्यापासून थंड ठेवणं. म्हणून बाजारातून घेतलेली साशिमीची डबी पिशवीत घालून दिवसभर असाकुसात भटकू नका.

११. मग घरी परत गेल्यावर आपल्या सुरमईची साशिमी केली तर?

नको. प्रश्न ८ आणि १० एकत्र वाचा. आपली सुरमई चवीला कमी नाही. तिच्याच कुळातला सावारा जपानी लोक कच्चा खातात. पण आपल्याकडे ती मारण्यापासून बर्फापर्यंत आणि बर्फापासून पाट्यापर्यंतचा प्रवास कच्चं खाण्यासाठी आखलेलाच नाही. घरच्या फ्रीजरची थंडीही बहुधा पुरत नाही. नदी-तलावातले मासे तर कुठेच कच्चे खाऊ नयेत. सुरमईला तिखट-मीठ लावा, रव्यात घोळवा आणि तव्यावर सोडा.

१२. खर्च किती येतो?

त्सुकिजी-तोयोसूत बऱ्यापैकी काइसेनदोन २ ते ४ हजार येन. नावाजलेल्या दुकानात ओमाकासे, म्हणजे "तुम्हीच द्या ते" पद्धतीनं दहाएक निगिरी, ५ हजारांच्या वर. उनी आणि ओतोरो (दोन्ही काय ते प्रश्न १३ मध्ये) आले की आकडा उडी मारतो. सेंक्याकु बानराईसारख्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांसाठी लावलेल्या अवाच्या सवा भावाच्या वाडग्यांना जपानी लोकांनीच चेष्टेनं "इनबाउन-दोन" असं नाव ठेवलंय ("इनबाउंड" म्हणजे बाहेरून आलेले पर्यटक, "दोन" म्हणजे भाताचा वाडगा). दारात फोटोसकट भाव लावलेला नसेल तर आत जाऊ नका.

तीन बारकावे. तिथेच बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८ टक्के. टपऱ्यांवर अजूनही रोख पैसे लागतात. टिप कुठेच द्यायची नाही. ठेवलीत तर मागे धावत येऊन परत करतील, माझ्या काकांना दिली होती.

१३. मेनूवरची नावं कळत नाहीत. आपल्या ओळखीचे मासे कुठले?

निम्मे तरी भाऊबंद आहेत. मागुरो म्हणजे ट्यूना, आपला कुपा याच घराण्यातला. त्याचा लाल भाग आकामी, मधला चरबीचा चूतोरो, पोटाचा सगळ्यात तुपकट ओतोरो. साबा बांगड्याचा चुलतभाऊ, इवाशी तारलीचा. इका म्हणजे माकूल, एबी कोळंबी, कानी खेकडा, काकी म्हणजे कालवं. हामो ही तर आपली वामच. क्योतोत गिओन उत्सवाच्या दिवसांत तिला भारी मान असतो. तिच्या काट्यांवर इतके बारीक वार घालतात की काटे जिभेला कळत नाहीत.

इकुरा म्हणजे साल्मनची गाबोळी, सोयात मुरवलेली. आपण गाबोळी तळतो, हे दाणे दाताखाली फोडतात. होताते हा तळहाताएवढा शिंपला, गोडसर. उनी मात्र आपल्या ताटात कधी आलेला नाही. काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव, त्याच्या पोटातला पिवळा गर खातात.

"पापलेट नाही का?" हे हमखास विचारतात. मानागात्सुओ नावाचा पापलेटाचा भाऊ पश्चिम जपानात मिळतो, मिसोत मुरवून भाजतात. टोकियोच्या सुशीच्या फळीवर शोधू नका.

आणि साल्मन. सगळ्यांना तोच हवा असतो. जपानी लोक पूर्वी तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला पाळलेला साल्मन इथे नेटानं खपवला, तेव्हापासूनची ही आवड. जुन्या वळणाच्या एदोमाए दुकानात साल्मन मागितलात तर "नाही" असं नम्रपणे ऐकू येईल.

१४. पहिल्यांदाच कच्चं खाणार आहे. सुरुवात कशानं करू?

होताते, आमाएबी (गोडसर कोळंबी), आकामी. या तिन्हींना उग्र वास नाही. मग ताई (लालसर समुद्री मासा), हिरामे. साबा आणि कोहादा (व्हिनेगरात मुरवलेला छोटा चकचकीत मासा) नंतर. उनी शेवटी, आणि तोही चांगला महाग. स्वस्त उनीला तुरटीचा कडवटपणा येतो आणि माणूस जन्मभर तोंड वाकडं करतो. ओतोरोवर एकदम उडी मारू नका. दोन तुकड्यांनंतर सगळं तोंड चरबीनं बधिर होतं.

मोसम विचारा. हिवाळ्यात बुरी (मोठा चरबीदार मासा), वसंतात पहिला कात्सुओ (ट्यूनाच्या कुळातला लहान मासा), शरदात परतीचा तेलकट कात्सुओ, उन्हाळ्यात होक्काइदोचा उनी. "क्यो नो ओसुसुमे वा?" म्हणजे "आज चांगलं काय आहे?" एवढं वाक्य पाठ करा. उत्तर कळलं नाही तरी मान डोलवा.

१५. हातानं खाल्लं तर चालतं का?

निगिरी हातानंच खातात, बिनदिक्कत खा. भात वर, मासा खाली अशी उलटी करून माशाची बाजू सोयात जराशी टेकवायची. भात बुडवला की तो विरघळतो आणि बशीत खिचडी होते. एका घासात खायची. आलं दोन तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला असतं, लोणच्यासारखं सुशीवर ठेवायचं नाही. साशिमी मात्र काड्यांनीच. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही. पहिली गोष्ट मृताच्या पानाची, दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. आपण पिंडाच्या बाबतीत जसे हळवे असतो तसंच.

१६. वासाबी नको असेल तर?

"साबी-नुकी दे." एवढंच म्हणायचं. निगिरीत ते भात आणि मासा यांच्या मध्ये लावलेलं असतं, त्यामुळे बनवण्याआधी सांगा. आपल्या लोकांना मिरची चालते म्हणून वासाबीचा गोळा उचलून तोंडात टाकू नका. मिरची जिभेला लागते, हे नाकातून मेंदूत जातं.

१७. आई-बाबा शाकाहारी आहेत. त्यांना बाजारात नेऊ का?

बघायला जरूर न्या, खायची सोय वेगळी ठेवा. काकडीची कप्पा माकी आणि लोणच्याची ओशिन्को माकी ही त्यातल्या त्यात निर्धोक. पण मिसो सूप, कान्प्योची (सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांची) माकी, इनारीचं तळलेलं तोफू, अगदी त्सुकिजीत काडीवर मिळणारं गोड अंड्याचं ऑम्लेट, या सगळ्यांत दाशी असते, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुक्या कात्सुओचं पाणी. दुकानदाराच्या लेखी मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही. तो खोटं बोलत नसतो. फळं, मोची, भाजलेली रताळी मिळतात. कडक पाळणाऱ्यांनी घरून ठेपले आणावेत, पण ते दुकानात बसून खाऊ नयेत.

१८. बायको गरोदर आहे. लहान मुलगाही बरोबर आहे.

तिच्या डॉक्टरांचं आधी ऐका. कच्च्याचा धोका आहेच, शिवाय मोठ्या माशांत पारा असतो. जपानी आरोग्य मंत्रालय गरोदर बायकांना होन-मागुरो म्हणजे ब्लूफिन ट्यूना आठवड्यातून एकदा, साधारण ८० ग्रॅमपर्यंतच खायला सांगतं. भाजलेला मासा, शिजवलेली एबी, आनागो (वामीसारखा मासा, शिजवून देतात) हे पर्याय प्रत्येक दुकानात असतात. मुलाला ऑम्लेटची सुशी आवडेल. तोयोसूच्या रांगेत त्याला दोन तास उभं करू नका.

१९. कोळंबीची ॲलर्जी आहे, तर?

जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा आणि गजबजलेल्या टपऱ्या टाळा. तिथे एकच सुरी, एकच पाट असतो. त्रास तीव्र असेल तर बाजारात खाऊच नका.

२०. फोटो काढले, भाव केला, हिंडत हिंडत खाल्लं तर कोणी रागावतं का?

फोटो विचारून. भाव करत नाहीत, संपायच्या वेळेला आपणहून कमी करतात. चालत खाऊ नका, घेतलं तिथेच दुकानासमोर उभं राहून खा आणि काडी-बशी त्याच दुकानात परत द्या. बाजारात कचरापेट्या शोधून सापडत नाहीत. मासे बोटानं दाबून बघणं ही आपली जन्माची खोड, ती हात खिशात घालून आवरा. घाऊक भागात तारे नावाच्या गोल तोंडाच्या छोट्या मालगाड्या सुसाट पळतात, थांबायचं आपण असतं.

त्सुकिजीच्या कोपऱ्यावर नामियोके देऊळ आहे. नावाचा अर्थ "लाटा अडवणारा". आवारात सुशीसाठी, कोळंबीसाठी, अंड्यांसाठी स्मारकशिळा आहेत, आपण ज्यांना खाल्लं त्यांच्या नावानं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्यांच्या घरातला कोणी असेल तर तिथे दोन मिनिटं नक्की थांबेल.

२१. टोकियोला जाणारच नाही. दुसरीकडे कुठे?

कानाझावाचं ओमिचो, नोव्हेंबरपासून खेकड्याच्या मोसमात. हाकोदातेचा सकाळचा बाजार, तिथे टाकीतला इका गळ टाकून आपणच पकडायचा आणि लगेच कापून घ्यायचा. अलीकडे तिथल्या समुद्रात इका फार कमी झालाय, त्यामुळे भाव चढा असतो. आओमोरीच्या फुरुकावा बाजारात आधी कुपनं घ्यायची, भाताचा वाडगा हातात धरून दुकानादुकानांत हिंडायचं आणि एकेक काप वर ठेवून घ्यायचा. मला सगळ्यांत हाच प्रकार आवडतो. ओसाकाचं कुरोमोन आणि क्योतोचं निशिकी आता बरेचसे पर्यटकांचे झालेत. निशिकीला मासे सोडा, सुऱ्या बघा.

शिमोनोसेकीचं कारातो शुक्रवार ते रविवार गाठा. घाऊक मासेवालेच मेजं मांडून सुट्या निगिरी विकतात, आपण डबीत भरून धक्क्यावर बसायचं.

२२. शिमोनोसेकीला गेलो तर फुगू हा विषारी मासा खायचा का? मरायला होतं म्हणे.

परवानाधारक माणसानं साफ केलेला असेल तर खा. विष यकृतात आणि अंडाशयात असतं, ते काढायची परीक्षा द्यावी लागते. चव फारच सौम्य, बशीवरचं नक्षीकाम दिसेल इतके पातळ काप.

पण मला तिथला लिलाव अधिक आवडतो. हाएदोमारी बाजारात पुकारणारा हातावर काळी नळकांडी पिशवी चढवतो, खरेदीदार एकेक करून त्यात हात घालतो आणि आत बोटं दाबून भाव सांगतो. बाकीच्यांना काही दिसत नाही. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली हात धरून भाव करतात तो हत्ता, अगदी तोच. मी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. शाळेत असताना आजोबांबरोबर गुरांच्या बाजारात गेलो होतो, त्यांनी धोतराच्या सोग्याखाली हात नेला होता.

२३. तिथून काय आणावं?

कात्सुओबुशी (सुकवलेला कात्सुओ), नोरी, चहा. सुरी घेतलीत तर ती चेक-इनच्या बॅगेतच घाला. ताजी मासळी भारतात न्यायच्या फंदात पडू नका.

२४. खरं सांगा, बाजारातली सुशीच सगळ्यात चांगली असते का?

नाही. गिंझातला उत्तम सुशीवाला त्याच तोयोसूतून मासा नेतो आणि मग त्यावर दोन दिवस हात चालवतो (प्रश्न ८). बाजारात तुम्हाला मासा लवकर आणि तुलनेनं स्वस्त मिळतो, बरोबर सकाळचा माहोल. माझ्या घराजवळच्या सुपरमार्केटात संध्याकाळी अर्ध्या किमतीची चिकटपट्टी लागलेली डबीही वाईट नसते, पण ती खायला कोणी विमानानं येत नाही.

२५. इतकं करून आवडलंच नाही तर?

माझ्या आईला आवडलं नाही. त्सुकिजीला तिनं आकामीचा एक काप खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शिजवायचं विसरले का हे?" मग मी तिच्यासाठी आराजिरू मागवलं. कापून उरलेली डोकी आणि काटे घालून केलेलं मिसो सूप, बऱ्याच सुशीच्या दुकानांत मिळतं. वाडग्यात ताईचं अर्धं डोकं होतं. तिनं काड्या बाजूला ठेवल्या, हातानं गालाचं मांस सोडवलं, डोळ्यामागचं काढलं, प्रत्येक हाड चोखून बशीच्या कडेला ओळीनं लावलं. फळीपलीकडचा सुशीवाला काम थांबवून बघत होता. बिल मागितलं तेव्हा त्यानं काही न बोलता दुसरा वाडगा पुढे सरकवला. त्यात डोक्याचं दुसरं अर्धं होतं.